जेवलास का?

आमच्या मावळात माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. जेवलास का? सकाळचे आठ वाजलेले असोत की संध्याकाळचे सहा, विचारणारा हेच विचारतो. शहरातला पाहुणा गोंधळतो. त्याला वाटतं, आता हा आपल्याला ताटावर बसवणार. तसं काही नसतं. विचारणाऱ्याच्या घरी त्या घडीला दुरडीत भाकरीचा तुकडाही नसेल. पण तो विचारतो, आणि उत्तर ऐकताना समोरच्याच्या तोंडाकडं नीट बघतो. तोंडानं "व्हय, जेवलो की" म्हटलं तरी चेहरा वेगळं काही सांगतो का, हे त्याला बघायचं असतं.

या प्रश्नाबद्दल मला बोलायचं आहे. कारण आमच्या गावात अशी कितीतरी पोरं वाढली, की ज्यांना हे विचारणारं हक्काचं माणूस दूर कुठंतरी पोटामागं गेलेलं होतं. मीही त्यातलाच. आईबापांनी पोरांना मागं ठेवून जावं का, हा प्रश्न माझ्यापुढं पुस्तकातून आला नाही. तो चुलीपाशी आला.

कुरवंडे गाव लोणावळ्याच्या नैर्ऋत्येला, घाटमाथ्याच्या अगदी कडेवर आहे. आयएनएस शिवाजीच्या बाजूनं जाणारा रस्ता धरला की गाव लागतं. पलीकडं नागफणीचा कडा आणि त्याखाली सरळ कोकण. इतिहासाच्या पुस्तकात आमचं गाव एका ओळीपुरतं येतं. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज कुरवंडे घाटानं खाली उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या तावडीत सापडली. घाटाची ती वाट अजून आहे. इंद्रायणीही आमच्याच डोंगरात उगम पावते आणि पुढं देहू-आळंदीला जाते. सांगायचं एवढंच की आमच्या गावातून पाणी जातं, वाट जाते आणि माणसंही जातात.

पाऊस उदंड. वर्षाला ४००० मिलीमीटरच्या वर. ज्याला पावसाचं कौतुक त्यानं जरूर यावं, पण या पावसानं पोट भरत नाही. खाचरात भाताचं एकच पीक. उतारावर नाचणी आणि वरई, तीही राब भाजून, रोपं लावून काढायची. डोंगरउताराची जमीन पातळ, पावसानं धुपलेली. दिवाळीला भात घरात आलं की कणगी भरलेली दिसायची. त्यातून देणेकऱ्याचं गेलं, बियाण्याचं बाजूला पडलं, की उरलेलं होळीपर्यंत पुरायचं, एखाद्या वर्षी चैत्रापर्यंत. पुढं ज्येष्ठ-आषाढात, नेमकी लावणीची कामं अंगावर असताना, घरात दाणा कमी. सगळ्यांत जास्त कष्टाचे दिवस आणि सगळ्यांत कमी जेवणाचे दिवस एकत्र यायचे. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण आमच्याकडं कुणी शोभेसाठी वापरत नव्हतं. तांदूळ कांडल्यावर निघालेल्या कोंड्याची भाकर मी खाल्लेली आहे.

तरी जुनं जेवण अगदीच वाईट नव्हतं. नाचणीची भाकर, हुलग्याचं कढण, पहिल्या पावसानंतरची टाकळा-कुर्डूची भाजी, खाचरातले मुठे, लोणावळ्याच्या बाजारातून आणलेलं सुकट. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात ते जेमतेम दहाच्या आत-बाहेर. हे आकडे आमच्या आजीला ठाऊक नव्हते. "नाचणीनं हाडं धरत्यात," एवढं ती म्हणायची. पण हे जेवण करायला माणूस लागतं. भाजी रानातून खुडून आणावी लागते, मुठे धरावे लागतात, हुलगे शिजायला वेळ लागतो. या जेवणात पैसा कमी आणि माणूस जास्त लागतो. घरातलं धडधाकट माणूस गेलं की पहिलं हेच जेवण जातं.

माणसं जायला सुरुवात फार आधी झाली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई जवळ आली. पुढं टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता इथं धरणं बांधून पाणी खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे माग फिरवणारी वीज मावळच्या पाण्याची, आणि मागावर उभा राहणारा माणूसही बऱ्याचदा मावळातला, मुळशीतला, नाहीतर जुन्नर-आंबेगावचा. घाटावरचे आणि कोकणातले तरुण गिरणगावात एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहायचे. पाळ्या वेगळ्या, त्यामुळं एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा निजायचा. जेवायला खानावळ. महिन्याला खानावळीचे पैसे कापून उरतील ते मनीऑर्डरीनं गावाला.

डबेवाल्यांचं तर सगळ्या जगाला कौतुक. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ते काम सुरू केलं असं सांगतात. त्यातले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातले. भरात असताना सुमारे ५००० डबेवाले रोज २ लाखांच्या आसपास डबे पोचवायचे, असा आकडा सांगितला जातो. डबा चुकत नाही म्हणून परदेशातले लोक अभ्यासाला आले. मला मात्र त्या डब्यांकडं बघून दुसरंच काही वाटतं. साहेबाला घरचं जेवण ऊन ऊन मिळावं म्हणून लोकलच्या गर्दीत डोक्यावर पाटी घेऊन धावणारा माणूस स्वतः घरच्या जेवणापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब असायचा. त्याची पोरं इकडं गावात काय खात होती, हे कुठल्या अभ्यासात मी वाचलेलं नाही.

आमचे वडील गिरणीत मागावर होते. १९७३ साली आईलाही त्यांनी मुंबईला नेलं. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं रेशनवर लाल मिलो आणली होती, घरात कर्ज होतं, आणि लालबागच्या चाळीत एक खोली भाड्यानं मिळाली होती. आईनं तिथं खानावळ धरली. बारा माणसं जेवायला. मी सात वर्षांचा, बहीण चारची. आम्ही दोघं आजीपाशी कुरवंड्याला राहिलो. मुंबईच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत बारा जणांच्या पंगती उठायच्या, तिथं पोरांना पाय पसरायला जागा नव्हती. हा निर्णय कुणी हौसेनं घेतला नव्हता.

दर महिन्याला मनीऑर्डर यायची. पोस्टमन आला की आजी अंगठा उठवायची आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेल्या दोन ओळी मी तिला वाचून दाखवायचो. त्यात खुशाली असायची आणि शेवटी हटकून एक वाक्य: पोरं नीट जेवतात का? आजी म्हणायची, "लिव्ह, जेवत्यात." मी लिहायचो, जेवतात.

खरं म्हणजे त्या काळात आमच्या घरात आधीपेक्षा जास्त पैसा होता. दुकानातून तांदूळ यायचा, साखर यायची, चहा यायचा. पण आजी सत्तरीची. तिला संध्याकाळी कमी दिसायचं. रानात जाणं होत नव्हतं, जात्यावर नाचणी दळणं होत नव्हतं. म्हणून मग सकाळी पेज, दुपारी भात, रात्री उरलेला भात, आणि मधे गोड चहा. बहीण जेवताना अर्धं ताट हळूच वासराच्या पुढं सारायची, ते आजीला दिसायचं नाही. पिठाचा डबा तळाला लागला की आजीचे उपास वाढायचे. पंचांगात नसलेले उपास. आम्हाला विचारणारी ती होती, पण तिला "तू जेवलीस का?" असं विचारायला त्या घरात कुणी मोठं माणूस उरलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एकदा शेजारची चुलती पाणी न्यायला आली आणि बहिणीकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "पोरीचं क्यास तांबडं कशानं झालं गं? आन् प्वाट बघ कसं फुगलंय." चुलतीनं सात पोरं वाढवलेली. तिनं त्या दिवसापासून बहिणीला दुपारी आपल्या घरी नेऊन जेवायला घालायला सुरुवात केली. हुलग्याचं कढण, सुकटीची चटणी, कोंबडीनं घातलं तर अंडं. चार-सहा महिन्यांनी नवे केस काळे यायला लागले. बहीण वाचली. आज ती स्वतः आजी आहे. पण आमच्या भावकीत सगळ्यांत ठेंगणी तीच राहिली. त्या दोन वर्षांत जी उंची निसटली, ती पुढं कितीही खाऊन परत आली नाही.

आई १९८२ च्या गिरणी संपात गावी परत आली. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. वडीलही आले, खोकला घेऊन. पुढं कितीतरी वर्षांनी, बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत, आई मला एक वाक्य बोलली. "तिथं बारा जणांस्नी वाढताना कुणी चतकोर भाकर कमी खाल्ली तरी माझ्या ध्यानात यायचं. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचं घरून पत्र आलं न्हाय, मला ताटावरनं कळायचं. तुमचं मातर कायबी कळत नव्हतं."

मी यावर खूप विचार केला आहे. आईचं हे वाक्य मला या सगळ्या प्रश्नाची किल्ली वाटतं.

गावात अशा आईबापांबद्दल दोन निकाल ऐकायला मिळतात. पहिला, "सोन्यासारखी पोरं टाकून गेली." दुसरा, "पोरांसाठीच तर गेली." पहिला निकाल देणाऱ्याला मी एवढंच विचारतो की कर्ज कुणी फेडलं असतं? कणगी चैत्रात रिकामी झाल्यावर तू तीत दाणे टाकणार होतास का? दुसरा निकाल ऐकायला चांगला आहे, आणि खराही आहे. पण तो एक गोष्ट झाकून ठेवतो. त्याग म्हटलं की सगळे हात जोडून मोकळे होतात. त्याग करणाऱ्याचं काय गेलं हे आपण मोजतो, पण ज्याच्यासाठी केला त्याचं काय गेलं हे विचारायचं राहून जातं. माझे आईवडील आमच्यासाठी गेले हे खरं. आणि बहिणीचे केस तांबडे झाले हेही खरं. एक खरं असल्यानं दुसरं खोटं होत नाही.

मग काय गेलं होतं? पैसा गेला नव्हता, तो तर आला होता. तांदूळही होता. गेलं होतं ते ध्यानात येणं. ताटात काय उरलं, कोण गप्प आहे, कुणाचा सदरा ढिला झाला, हे रोज बघणारी नजर गेली होती. अन्न विकत मिळतं, मनीऑर्डरीनं पाठवता येतं. ही नजर पाठवता येत नाही. लेकराचं पोषण म्हणजे अन्न आणि ही नजर, दोन्ही मिळून. आपण गरिबीचा हिशोब करताना पहिलं मोजतो, दुसरं मोजत नाही.

आणि मागं राहिलेलं पोर एक गोष्ट फार लवकर शिकतं. ते "भूक नाही" म्हणायला शिकतं. आजीला ओझं नको, चुलतीला भार नको. रोज कमी खाणाऱ्या लेकराची भूकही हळूहळू मंदावते, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे "भूक नाही" हे पुढं पुढं खोटंही राहत नाही. म्हणून पोरानं "जेवलो" म्हटलं यावर विसंबता येत नाही. विचारणाऱ्यानं तोंडाकडं बघावंच लागतं.

इथं मला आमच्याच नदीकाठची एक गोष्ट आठवते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांची. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला आणि ही चार लेकरं आळंदीत मागं राहिली, अशी परंपरा सांगते. मुक्ताईला मांडे करायचे होते, तर विसोबानं कुंभारांना बजावून तिला खापर मिळू दिलं नाही. मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताईनं तिच्यावर मांडे भाजले. कीर्तनात ही गोष्ट निघाली की आपण चमत्कारावर मान डोलवतो. मी ही कथा ऐकतो तेव्हा माझं लक्ष दुसरीकडं जातं. चौघांत धाकटी मुक्ताई, आणि चुलीपुढं तीच. आणि एवढ्या गावात त्या लेकरांना एक मातीचं खापर द्यायला कुणी पुढं आलं नाही. गावानं आपलं काम केलं असतं तर ज्ञानदेवांना पाठ तापवावी लागली नसती. लेकरांवर चमत्कार करायची वेळ येते ती मोठ्यांनी अंग काढून घेतल्यावर. विसोबांना पुढं पश्चात्ताप झाला, ते थोर संत झाले, हे आपण आवर्जून सांगतो. ते सांगावंच. पण सगळी लेकरं ज्ञानदेव नसतात, हेही ध्यानात ठेवावं.

आता काळ बदलला. लोणावळ्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. लोक चिक्कीचे खोके घेऊन जातात, कड्यावर उभे राहून कणसं आणि भजी खातात. गावच्या जमिनींवर बंगले झाले. आमची पोरं आता गिरणीत जात नाहीत, चाकण-तळेगावच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात, पिंपरी-चिंचवडला जातात, नवी मुंबईला जातात. डोंगरातले कातकरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्यापुढं दोनच वाटा असतात. पोरं बरोबर नेली तर शाळा सुटते आणि पोर भट्टीच्या धुरात वाढतं. मागं ठेवली तर म्हाताऱ्यांच्या हवाली. यातली कुठली वाट चांगली, हे मला कुणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. दोन वाईटांतून निवडायला लावायचं आणि मग निवडणाऱ्यालाच दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

आणि गंमत बघा. ज्या गावानं शंभर वर्षं माणसं बाहेर पाठवली, त्याच परिसरात आता बाहेरची माणसं पोटासाठी येतात. बंगल्याची राखण करणारे मराठवाड्यातले, काही नेपाळातले. बंगल्यातल्या पाहुण्यांची पोरं "हे नको, ते नको" म्हणत ताटं सरकवत असतात आणि बाहेर फाटकापाशी राखणदार फोनवर आपल्या पोराचा चेहरा बघत असतो. भाषा कुठलीही असो, पहिलं वाक्य तेच. जेवलास का? पोर फोनवर म्हणतं, हो. बापाला चेहरा दिसतो, ताट दिसत नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांच्या हातात आता पैसा येतो, पण अंगात बळ नाही. नातू रडला की दहाची नोट, आणि दहाच्या नोटेला दुकानात चमकदार पुडा मिळतो. आईबापांची माया पुड्यातून येते आणि दुपारची भूक मारून जाते. अनेक घरं पिकवतात इंद्रायणी, जी वाणच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आली, पण ती विकून खातात रेशनचा तांदूळ. रेशनलाही म्हातारीचं बोट यंत्रावर उमटलं पाहिजे. आयुष्यभर राबून झिजलेल्या बोटांच्या रेघा यंत्राला सापडत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर १०० पैकी ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. माझी बहीण त्या मोजणीत नव्हती, पण तो आकडा वाचताना मला तीच दिसते.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. उलट मला त्यातून एक धडा दिसतो. १९९५ साली शाळेतल्या मुलांसाठी पोषण आहार सुरू झाला तेव्हा बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. तो घरच्या डब्यात जायचा आणि सगळ्यांच्या पोटात वाटला जायचा, तेही बरोबरच. पण त्या पोराला त्यातलं किती मिळालं हे कुणाला कळायचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण शाळेतच द्या असा आदेश दिला. आता पहिली ते पाचवीच्या पोरामागं ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशोब आहे. पण माझ्या मते मोठा बदल खिचडीच्या पातेल्यात झाला नाही. तो झाला वाढणाऱ्या बाईमुळं. पोर समोर बसून जेवतं आणि कुणीतरी त्याच्याकडं बघतं. "ए, तू का थांबलास? घे अजून," असं म्हणणारी ती बाई तुटपुंज्या मानधनावर आमच्या चुलतीचं काम करते. अंगणवाडीची ताई वजनाच्या काट्यावर पोर ठेवते तेव्हा तीही तोच प्रश्न विचारत असते, फक्त किलोग्रॅममध्ये. ऊसतोड्यांच्या पट्ट्यात, बीडकडं, हंगामी वसतिगृहं निघाली. आईबाप फडावर, पोरं गावात, आणि दोन वेळचं शिजवलेलं जेवण गावातच. जिथं ती नीट चालतात तिथं पोरं शाळेत टिकतात, कारण तिथं विचारणारं कुणीतरी असतं.

पण रविवारी शाळा नसते. दिवाळीत नसते, मे महिन्यात नसते. लावणीच्या दिवसांत धो धो पावसात शाळेत पोचायचीच पंचाईत. भुकेला सुट्टी नसते, एवढं तरी आपण मान्य करावं.

कुणी म्हणेल, ज्याची पोरं त्यानं बघावी. मी त्याला म्हणतो, आमच्या पाण्याबद्दल असं कुणी म्हटलं नाही. पाणी खाली नेलं, वीज केली, गिरण्या चालवल्या. माणूस नेला तोही अठरा-वीस वर्षांचा, तयार. त्याला नाचणीवर वाढवायचा खर्च गावानं केला होता. मजुरी दिली ती त्याच्या एकट्याच्या पोटापुरती आणि वर थोडी. पोरांना जवळ ठेवता येईल एवढी खोली नाही, पाळणाघर नाही. आणि खोकला लागल्यावर तो परत पाठवला गावालाच. ज्यानं त्याच्या घामाचं खाल्लं, त्याचं त्या पोरांशी काही देणं लागत नाही, हा हिशोब कुठल्या वहीतला? आज बंगल्याचा मालक, कारखान्याचा कंत्राटदार, भट्टीचा शेठ आणि ऊन डबा उघडून बसणारा आपण प्रत्येक जण, सगळे या हिशोबात आहोत. राखणदार ठेवताना त्याच्या पोरांसह राहता येईल अशी खोली देणं, जवळच्या शाळेत नाव घालून देणं, हा उपकार नव्हे. ती मजुरीचीच राहिलेली बाकी आहे.

गावानंही हात झटकू नयेत. आमच्याकडं इर्जिकीची रीत होती. एकाचं शेत अडलं की सगळे बैल घेऊन जायचे आणि त्या दिवशी जेवण त्या घरचं. पोरं जिथं असतील तिथं पंगतीला बसायची, कुणाचं कोण हे कुणी विचारायचं नाही. नांगर अडला की धावणारं गाव पोर अडलं की का धावणार नाही? फार मोठं काही मी मागत नाही. प्रत्येक आळीत मागं राहिलेली पोरं किती, हे ग्रामसभेत एकदा मोजावं. त्या प्रत्येक पोरामागं एका मोठ्या माणसाचं नाव ठरवावं, सख्खं असो की शेजारचं, की ज्यानं दिवसातून एकदा त्या पोराला बघायचं. रविवारचं आणि सुट्टीतलं जेवण आळीपाळीनं घालावं. आणि त्या पोरांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांनाही विचारावं. कारण ज्याला कुणी विचारत नाही, ते माणूस किती दिवस दुसऱ्याला विचारत राहील?

आमची चुलती काही शिकलेली नव्हती. तिच्या घरीही खायची तोंडं सात होती आणि दाणा आमच्यापेक्षा कमीच. तिनं त्याग वगैरे केला असं ती कधी म्हणाली नाही. ती पाणी न्यायला आली होती, तिला पोरीचे केस दिसले आणि ती थांबली. आईबापांनी जावं की राहावं हे गरिबीच्या घरात बहुतेक वेळा पोटच ठरवतं. पण मागं राहिलेल्या पोरापाशी कुणी थांबायचं, हे आपण बाकीचे ठरवू शकतो.